मूळपुरुषाचे जोडे

फार जुन्या काळी, समुद्रापलीकडे कोरियाच्या डोंगरांत एक लहानसं राज्य होतं. तिथली एक रीत ऐकाल, तर लहानथोर सगळेच तोंडात बोट घालाल.

राज्य स्थापन करणाऱ्या मूळपुरुषाचे जोडे राजवाड्यात जपून ठेवले होते. राजपुत्र वयात आला की त्याने ते घालूनच दरबारात यायचं. मात्र त्यांना हात लावायचा नाही, आत डोकावायचं तर मुळीच नाही. सेवक ते रेशमी फडक्यात धरून पायात चढवत. आजवरचा प्रत्येक राजा उजव्या पायाने लंगडत आला होता. ते घराण्याचंच दुखणं, असं सगळे मानत. काही दरबारी तर राजासारखं चालता यावं म्हणून घरी लंगडण्याचा सराव करत. आता अशा लोकांना काय म्हणावं?

अशाच एका राजाचा मुलगा वयात आला. त्याने जोडे घालायला सुरुवात केली आणि त्याचा उजवा पाय सुजून टम्म झाला. राजाने डोंगरातल्या एका वृद्ध वैद्यबाईंना बोलावलं. बाईंनी पाय पाहिला आणि मग जोडा पाहायला मागितला. राजा संतापला. औषध काय ते द्या, जोड्याचं नाव काढू नका, असं त्याने बजावलं.

बाईंनी मातीच्या भांड्यात डोंगरातली मुळं, ज्येष्ठमध आणि आलं मंद आचेवर उकळलं. ते कापडात बांधून, दोन काठ्यांनी पीळ देऊन काढा गाळला आणि राजपुत्राला पाजला. सकाळी पाहतात तो सूज पार ओसरलेली. सगळा दरबार थक्क झाला.

बाई म्हणाल्या, "महाराज, काढ्याने सूज उतरते. ती कशाने आली, ते मात्र तुम्हालाच शोधावं लागेल. तोवर जोडा घालू देऊ नका."

औषध हाताशी असताना भीती कसली, असं राजाला वाटलं. त्याने बाईंना घरी धाडलं आणि काढ्याची कृती स्वयंपाक्याला शिकवून ठेवली. राजपुत्र रोज जोडे घालू लागला, रोज काढा पिऊ लागला. दुखणं कमी झालं, तसा तो पाय जपेनासाही झाला.

एके दिवशी भर दरबारात तो कोसळला. अंग तापाने फणफणत होतं. सेवकांनी पायातला मोजा काढला आणि राणीला भोवळ आली. पायाची दोन बोटं काळी पडली होती. काढा पाजला, पण या वेळी सूज हलेना.

राजाने तो पवित्र जोडा उचलला आणि आत हात घातला. हात झटक्यात बाहेर आला, तेव्हा बोटातून रक्त ठिबकत होतं. चिखलात पाय घसरू नये म्हणून तळाला ठोकलेला एक खिळा वाकून आत आला होता. तो कधीचा तिथे होता, कोण जाणे.

राजाला आपले लंगडणारे वडील आठवले, आजोबा आठवले.

"मलाही इथेच टोचायचं," तो पुटपुटला. "मला वाटलं, राजांना टोचतंच."

बाईंना पालखी पाठवून आणलं. राजपुत्राचा जीव वाचला, बोटं मात्र गेली. पुढे राज्याभिषेकाला तो अनवाणी आला, लंगडत. त्या दिवशी कोणत्याही दरबाऱ्याने त्याच्या चालीची नक्कल केली नाही.

म्हणून लक्षात ठेवा: औषधाने दुखणं थांबलं तरी ते कशामुळे सुरू झालं, हे शोधल्याशिवाय राहू नये.