पिवळ्याच्या पायऱ्या

ही गोष्ट सांगू नको, असं ज्यांची ती आहे त्यांनीच मला बजावलं होतं. म्हणून मी गावाचं नाव घेत नाही आणि माणसांचीही पूर्ण नावं घेत नाही.

एकदा एक वृद्ध मुद्रक होते. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणत. छापून आलेला कागद खिडकीशी तिरपा धरून ते म्हणत, "तांबडा अंमळ जास्त झालाय," आणि तो जास्तच झालेला असे. त्यांच्या छापखान्यात एक शिष्या काम शिकत होती. देवावर नसेल इतका तिचा अण्णांच्या नजरेवर विश्वास होता.

त्या वर्षी एका व्यापाऱ्यानं वेगळंच काम आणलं. नवजात बाळाची कावीळ ओळखायच्या पट्ट्या छापायच्या होत्या. पट्टीवर फिक्यापासून गडदपर्यंत पिवळ्याच्या पायऱ्या. नर्सबाईंनी पट्टी बाळाच्या कातडीशी धरायची आणि रंग कोणत्या पायरीशी जुळतो ते पाहायचं. वरच्या फिक्या पायऱ्यांशी जुळला तर आईला धीर द्यायचा. खालच्या गडद पायऱ्यांशी जुळला तर बाळाला तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पहिली खेप अण्णांनी नजरेनं पास केली आणि ती आडगावांच्या उपकेंद्रांत पोहोचलीही.

दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या लोकांनी अट घातली की रंग यंत्रानं मोजलेला हवा. व्यापाऱ्यानं कुरकुरत रंगमापक आणून दिला. मुठीत मावेल एवढं ते यंत्र. आधी त्याला त्याच्याबरोबर आलेली पांढरी चकती दाखवायची, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते त्याला कळतं. मग छापलेल्या रंगीत चौकटींचा तक्ता त्याच्याकडून एकेक चौकट करून वाचून घ्यायचा. आपला प्रिंटर कुठला रंग किती चुकवतो, हे त्यावरून संगणक ताडतो आणि त्या चुका भरून काढणारं प्रोफाइल बनवतो.

शिष्येनं प्रोफाइल बनवलं आणि त्यावर पट्टी छापली. अण्णांनी ती खिडकीशी धरली.

"पिवळा फिका आहे. वाढव."

तिनं वाढवला. अण्णा म्हणाले, "आता ठीक." यंत्र मात्र म्हणू लागलं की पिवळा फार झाला आहे.

शिष्येनं यंत्राचे दोष शोधायला घेतले. पांढऱ्या चकतीवर बोटाचे ठसे असतील म्हणून ती मऊ फडक्यानं पुसली. शाई ओली असेल म्हणून तक्ता दिवसभर वाळू दिला. टेबलावरचं लाल कापड कागदातून झिरपून दिसत असेल म्हणून तक्त्याखाली कोऱ्या कागदांची चळत ठेवली. वायर बदलली. पुन्हा मोजलं. यंत्र तेच बोललं.

व्यापारी चहाची वाट बघत बाकावर बसला होता. "अगं, ती डबी कालची, अण्णांची नजर चाळीस वर्षांची. कुणाचं ऐकायचं, ते मी सांगू? उद्या गाडी भरायची आहे मला."

"यंत्रच बिघडलंय, शेठ," ती म्हणाली. "परत पाठवा. आपण अण्णांच्या नजरेनं छापू."

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "एक पट्टी काप. पायऱ्या सुट्या कर, पिसून माझ्या हातात दे."

तिनं तुकडे कापले, पिसले, दिले. अण्णांनी ते टेबलावर एकाशेजारी एक मांडायला सुरुवात केली, फिक्यापासून गडदाकडे. पहिला तुकडा बरोबर पडला. दुसऱ्या जागी त्यांनी पाचवा ठेवला. मग बोटानं चाचपून दोन तुकडे उचलले, अदलाबदल केली, पुन्हा होते तसेच ठेवले.

व्यापारी हसला. "अण्णा परीक्षा घेतायत तुझी."

शिष्येलाही तसंच वाटलं. थोर माणसं असं काही अवचित करतात तेव्हा त्यात शिकवण दडलेली असते, हे तिनं ऐकलं होतं. ती हात जोडल्यासारखी उभी राहिली आणि अर्थ उलगडण्याची वाट पाहू लागली. आता ते वर बघतील, मिस्कील हसतील, मग सांगतील.

अण्णांनी वर पाहिलं. ते हसले नाहीत.

"यात काही शिकवण नाही, पोरी. मला दिसत नाही."

बाहेर कुणाची तरी सायकल भिंतीला लागली.

"काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी गेल्या दिवाळीतच सांगितलं. कडेनं अंधार येतोय, तो मला कळत होता. पण पिवळाही जातोय, हे कळलं नाही. मला वाटायचं, शाईच फिकी येते हल्ली." त्यांनी एक तुकडा उलटा करून ठेवला. "तू यंत्राला पुसलंस, वाळवलंस, त्याच्याखाली कागद घातलेस. मला मात्र विचारलं नाहीस की, अण्णा, दिसतंय ना? मान राखलास माझा. पण ते यंत्र कामाला लागण्याआधी पांढऱ्या चकतीपुढे उभं राहतं आणि आपली चूक कबूल करतं. मी कुणापुढे उभा राहिलो नाही. मला कुणी उभं केलं नाही."

शिष्येच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती बोलल्याशिवाय राहवेना.

"अण्णा, पहिली खेप."

"हं."

"तिच्यातही पिवळा जास्तच पडला असेल. म्हणजे फिकी म्हणून जी पायरी आहे…"

"ती गडद आहे," अण्णा म्हणाले. "पिवळंधमक झालेलं बाळसुद्धा त्या पायरीशी जुळेल. नर्सबाई सांगतील, काळजी नको, घरी न्या."

व्यापाऱ्यानं नुकताच आलेला चहा तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा आणि शिष्या गावोगाव फिरले. पट्ट्या परत मागितल्या. बऱ्याच मिळाल्या. काही हरवल्या होत्या, काही कुठं गेल्या ते कुणाला आठवत नव्हतं. एका उपकेंद्रात पट्टी भिंतीला टाचलेली होती, वापरून वापरून कडा मऊ पडलेली. अण्णांनी ती हातानं चाचपली आणि नर्सबाईंना विचारायचं होतं ते विचारलं नाही. शिष्येनंही विचारलं नाही. कुठल्या बाळाला ती लावली आणि ते बाळ पुढं कसं आहे, हे त्यांना आजही ठाऊक नाही.

यंत्राच्या मापानं नवी पट्टी छापली गेली आणि ती अगदी बरोबर होती. त्यानंतर अण्णांनी कागद खिडकीशी कधी धरला नाही.

तेव्हा वाचकहो, माप आपल्या माणसाच्या विरुद्ध बोललं तर मापाला खोटं पाडण्याआधी, कितीही जड गेलं तरी, आपल्या माणसाजवळ जाऊन बसावं आणि त्याला हळूच विचारावं की… थांबते, आतून अण्णा हाक मारतायत. दोन गोळ्या हातात घेऊन बसलेत, यातली पिवळी कुठली ते मला विचारतायत, त्यांच्या शिष्येला.