घाटावरचा रांजण

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तुमच्या पणजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेलीच होती. एका राज्यात एक राजा होता आणि त्याला गाण्याचं भारी वेड होतं. त्याने कायदा केला, की जिथे गाण्याच्या जोरावर काम होतं किंवा सोहळा रंगतो, तिथे त्या गाण्यासाठी धान्याचे तीन वाटे रांजणात काढून ठेवायचे. एक गाणं रचणाऱ्याचा, एक ते पहिल्यांदा गाणाऱ्याचा आणि एक त्याला साथ करणाऱ्याचा.

कायदा चांगला होता. पण दरबाराने त्याची अशी काही वाट लावली, की विचारू नका. घाटावरचा रांजण वेगळा, तेलाच्या घाण्यावरचा वेगळा, लग्नाच्या मांडवांचा वेगळा, बाजाराचा वेगळा. प्रत्येकाचा राखणदार वेगळा. एकाकडे नाव सांगितलं तर दुसऱ्याला त्याचा पत्ता नाही. वर्षभरात कुणी मागायला आलं नाही, तर सगळं धान्य राजधानीला जायचं आणि दरबारी गवयांत वाटलं जायचं. आणि ह्याची दवंडी कुठे पिटली म्हणता? राजवाड्याच्या अंगणात. तीही एकदाच!

राजधानीपासून दूर एका गावात येसू नावाची बाई राहत होती. ती गाणी रचायची आणि गायची. भिवा नावाचा म्हातारा तिच्या मागे ढोलकी वाजवायचा. दोघं बाजारात गात. बाजाराचा राखणदार येसूच्या पदरात गाणाऱ्याचा वाटा टाकी आणि बाकीच्या दोन वाट्यांबद्दल चकार शब्द काढत नसे. येसूला वाटे, आपलं एवढंच. त्यातलं अर्धं ती भिवाला देई.

तिच्या बापाने तिला शिकवलं होतं, की कलावंताने मागायला जाऊ नये. गाणं चांगलं असेल तर देणारा घर शोधत येतो. बिचारी ते धरून बसली होती.

एक दिवस भिवा म्हणाला, "येसू, ह्यात माझं पोट भरत न्हाई. नदीपल्याड दगडाच्या खाणीत काम हाय. मी चाललो."

"दादा, ह्या वयात दगड फोडणार?"

"मग काय करू? आपली गाणी कुणालाच नको हायेत, हे कळतंय की मला."

भिवा गेला आणि तिचं गाणं लंगडं झालं. चार महिने तिने कसेबसे काढले. मग मात्र राहवेना, म्हणून त्याला परत आणायला ती निघाली आणि घाटावर नावेत बसली.

नाव प्रवाहात शिरली, तसे नावाडी गाऊ लागले. येसू दचकली. गाणं तिचं होतं! शब्द तिचे, चाल तिची, आणि वल्ही पाण्यात पडत होती ती भिवाच्या ठेक्यावर.

"हे गाणं कुणाचं?" तिने विचारलं.

"दरबारी गवयाचं असंल," म्हातारा नावाडी म्हणाला. "दरसाल त्याचीच गाडी येती रांजण न्यायला."

"गाणं माझं हाय."

"मग इतकी वर्सं कुठं होतीस, बाई? रचणाऱ्याचा, गाणाऱ्याचा आन् साथीचा, तिन्ही वाट्यांनी रांजण भरून वाहत हुता. कुणी आलंच न्हाई."

येसूच्या डोक्यात तिडीक गेली. राग आधी नावाड्यावर, मग बापाच्या शिकवणीवर, मग स्वतःवर. काठाला लागताच भिवाकडे जायचं सोडून ती मागे फिरली. नदीकाठच्या घाण्यावर गेली, तिथेही तेच गाणं. रस्त्यातल्या मांडवात गेली, तिथेही तेच. मग तडक राजधानी गाठून ती भर दरबारात उभी राहिली.

"महाराज, माझा वाटा कुठं हाय?"

राजा गोंधळला. प्रधान पुढे होऊन म्हणाला, "कायदा सगळ्यांना सारखा आहे, बाई. मागायला यायचं होतं. आम्हाला तुझं घर कसं माहीत असणार?"

"घर माहीत न्हाई?" येसू कडाडली. "घरपट्टी थकली तर दुसऱ्या दिवशी तुमचा शिपाई दारात हजर! तवा बरं घर सापडतं. घ्यायचं असलं की वाट ठाऊक, आन् द्यायचं असलं की आंधळे?"

दरबारी गवई शालीशी चाळा करत पुटपुटला, "मला काय ठाऊक कुणाचं होतं? येत होतं, मी खात होतो."

"चव तरी बघायची! माझ्या घामाची हुती."

राजा शरमला. त्याने ह्या वर्षाचे तिन्ही वाटे सगळीकडून तिच्या हवाली करायला लावले. मागच्या वर्षांचं मात्र गेलं ते गेलंच. खाल्लेलं धान्य कोणता राजा परत आणणार?

येसूने साथीदाराचा वाटा गाडीत भरला आणि ती खाणीवर गेली.

भिवाने पोत्यांकडे पाहिलं. "हे माझं? मी तर नुसता वाजवत हुतो."

"तुझंच हाय, दादा. पहिल्यापासून तुझंच हुतं. चल घरी."

भिवाने हात पुढे केले. दगडांनी बोटं वाकडी झाली होती. डाव्या हाताची दोन तर हलतच नव्हती. "घरी येतो," तो म्हणाला, "पण ढोलकीचं आता नाव काढू नको."

धान्य मिळालं, पण ठेका गेला. येसू तिथेच खाणीच्या तोंडाशी धाय मोकलून रडली आणि रडता रडता तिने आपल्या बापाला, प्रधानाला, त्या शालवाल्या गवयाला अशा शिव्या घातल्या, की खाणीतले हातोडे थांबले. मी त्या इथे सांगत नाही. पण एकही शिवी वाया गेली नाही.

त्यानंतर कुठेही नवा गाणारा दिसला, साधा टाळ वाजवणारा पोरगा दिसला, की येसू त्याचं मनगट धरायची आणि घाटावर, घाण्यावर, मांडवात, बाजारात, एकूण एक राखणदारापुढे उभं करून त्याचं नाव खणखणीत सांगायला लावायची. कुणी लाजला तर म्हणायची, "लाज खाणाऱ्याला वाटू दे." दोन वर्षांत राजधानीच्या रिकाम्या कोठारात उंदीर खेळू लागले आणि दरबारी गवयांना म्हातारपणी नवीन गाणी रचायची वेळ आली.

तात्पर्य : आपल्या कष्टाचा वाटा जिथे जिथे साठतो तिथे तिथे वेळेवर जाऊन, आपलं नाव सांगून तो मागावा, गप्प बसणाऱ्याचा वाटा दुसराच कुणीतरी खातो.