समईचं तूप आणि रबरी रिंग

“त्या गणपतला असं काय दिलंत, बाबा, जे मला कधी दिलं नाहीत?”

धोंडीबाबा टाकीच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होते. हात थांबला नाही.

“एक नळी दिली.”

“कसली?”

“सिलिकॉन ग्रीसची.”

गुरूने चेष्टा केली तर शिष्याने हसायचं असतं, एवढं अच्युतला कळत होतं. पण बाबा चेष्टा करत नव्हते, आणि तेच जास्त लागलं.

मठ समुद्राच्या इतका जवळ, की वारा सुटला की वाळत घातलेल्या छाट्यासुद्धा खारट व्हायच्या. तरी मठात काचेच्या टाकीत आणखी एक समुद्र होता. गावातल्या एका भक्ताने हॉटेल बंद करताना ती टाकी आणून ठेवली. आत दोन समुद्रघोडे, करंगळीएवढे. “सोडून द्या की समुद्रात,” लोक म्हणाले.

“काचेत जन्मलेत,” बाबा म्हणाले. “लाट कशाशी खातात, हे त्यांना ठाऊक नाही.”

टाकीखाली एक बंद डबा होता. टाकीतलं पाणी त्यात उतरायचं, गाळलं जायचं आणि पंपाने परत वर चढायचं. डबा आणि त्याचं झाकण यांच्यामध्ये रबराची एक काळी रिंग. ती नीट बसली तर कुणाला तिची आठवणही येत नसे. नाही बसली तर लादीवर खारं पाणी. अधूनमधून डबा उघडायचा, धुवायचा, रिंगला वंगण लावून परत बसवायची. मठात याला टाकीची सेवा म्हणत.

आणि ती सेवा मिळाली गणपतला.

गणपत गेल्या दिवाळीनंतर शिंप्याचं दुकान सोडून मठात आला होता. आरतीत त्याच्या टाळ्या सगळ्यांच्या टाळ्या संपल्यावर यायच्या. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा त्याने रिंगला एवढं ग्रीस थापलं, की वाळूचे कण तिला तिळाच्या लाडवासारखे चिकटले.

“फार लावलंयस, गाढवा,” बाबा ओरडले होते. “पूस.”

मग त्यांनी गणपतचा अंगठा आपल्या चिमटीत धरला आणि तो रिंगवरून गोल फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. लहान मुलाला धुळाक्षरं गिरवायला लावतात तसं.

समोर अच्युत समईत तूप घालत होता. तूप समई सोडून पाटावर सांडलं.

अच्युतला बाबांनी कधी गाढव म्हटलं नव्हतं. मठातला सर्वांत जुना शिष्य तो. पूजा चोख, पाठांतर चोख, सोवळं चोख. बाबा त्याच्याकडे बघून मान डोलवायचे... बस्स. पानात मीठ जागच्या जागी वाढलेलं असलं की मिठाकडे कोण बघतं?

स्वयंपाकघरातल्या अनसूयाबाईंना तर चेवच आला होता. “टाकीत दोन घोडे नि टाकीबाहेर एक गाढव. भरला हो बाबांचा तबेला!”

सगळे हसले. गणपत सर्वांत मोठ्याने.

अच्युत हसला नाही. तबेल्यात त्याला जागा नव्हती.

तर त्या सकाळी, शेवाळ खरवडणाऱ्या बाबांपुढे, अच्युतने शेवटी मनातलं काढलं.

“एवढ्याशा रिंगला बाजारातलं वंगण कशाला, बाबा? कुठल्या कारखान्यातलं, कुणाच्या हातचं. समाधीपुढच्या समईचं तूप आहे की आपल्याकडे. त्याहून शुद्ध काय असणार?”

बाबांनी खरवडणी पाण्यातून काढली.

“शुद्ध... कुणासाठी?”

अच्युतला वाटलं, बाबा निरुत्तर झाले.

दुपारी गणपत कावड घेऊन टाकीसाठी समुद्राचं पाणी आणायला गेला. बाबांचा डोळा लागला होता. अच्युतने पंप बंद केला, डबा उघडला, गणपतचं ग्रीस पंच्याच्या टोकाने निपटून काढलं आणि रिंगला तूप लावलं. मूर्तीला अभ्यंग घालावं तसं, सढळ हाताने. झाकण असं अलगद बसलं की दोन बोटंही नकोत. पंप सुरू केला. थेंब नाही.

त्या रात्री तो भजनात फार गोड गायला. बाबांनी मान डोलवली.

आठवडाभर त्याने रोज येता-जाता डब्याखालची लादी चाचपली. कोरडी. गणपत तिथे दिसला की अच्युत गालातल्या गालात हसे. बिचाऱ्याला वाटे, दादा आताशा आपल्याशी बरे वागतात.

मग एका सकाळी अनसूयाबाई टाकीपाशी थबकल्या. “बाबा, पाण्यावर हा तवंग कसला? आमटीवर येतो तसा?”

लादी ओली होती. डब्याच्या कडेने पाणी पाझरत होतं. आणि दोन्ही समुद्रघोडे, एरवी तळाशी शेपटीने दगडाला धरून बसणारे, पार वर येऊन तवंगाखाली माना ताठ करून उभे होते. श्वास पुरत नसल्यासारखे.

बाबा धावले. पंप बंद केला. वर्तमानपत्राचं पान पाण्यावर अंथरलं, उचललं. तूप कागदाला चिकटून आलं. दुसरं पान. तिसरं. गणपत वाटीने पाणी उपसून उंचावरून परत टाकीत सोडू लागला. धार पडली की पाण्यात हवा मिसळते, एवढं त्यालाही आता माहीत झालं होतं.

“माझंच चुकलं, बाबा. मीच काहीतरी घाण लावली असणार. मी गाढवच.”

बाबांनी त्याच्याकडे मान वळवली. कपाळावर ती ओळखीची आठी आली. ओठ उघडले...

आणि अच्युत पुढे सरसावला. पाप त्याचं. रात्रभर जागून पाठ केलेल्या स्तोत्रासारखं अगदी त्याचं स्वतःचं. आणि त्याबद्दलचं बाबांचं रागावणंसुद्धा गणपतच्याच पानात पडणार?

“तो नाही!” अच्युत ओरडला. “मी केलं ते! समईचं तूप मी लावलं!”

गणपतच्या हातातली वाटी तशीच राहिली.

“तू थांबू नकोस,” बाबा त्याला म्हणाले. मग ते खाली बसले, डबा उघडला, रिंग काढली आणि अच्युतपुढे धरली. रागावले नाहीत.

“बसव.”

अच्युतने रिंग झाकणाच्या खाचेत घातली. एका बाजूने बसली, दुसरीकडून उसळून वर आली. ती बाजू दाबली, तर पहिली निसटली. तूप पिऊन रबर फुगलं होतं, मऊ पडलं होतं.

“मावत नाही, बाबा.”

“हं.”

“तूप तर निर्मळ होतं...”

“होतं.”

वाटीतल्या पाण्याची धार पडत राहिली. एक समुद्रघोडा थोडा खाली उतरला, पुन्हा वर गेला.

बाबांनी फडताळातून नवी रिंग काढली. कमरेच्या पिशवीतून ग्रीसची दुसरी नळी काढली. दोन्ही अच्युतच्या ओंजळीत ठेवली.

“मी?” अच्युत म्हणाला. “अजूनही मी?”

बाबा झाकणाची खाच धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

अच्युतने नळीचं टोपण फिरवलं. “याने गळती थांबते ना, बाबा?”

“नाही.”

“मग?”

“गळती रिंग थांबवते.”

“मग हे कशाला लावायचं?”

“तिला पीळ पडू नये म्हणून. आपल्या जागेवर बसता यावं म्हणून.”

अच्युतने मान खाली घातली. डोळे भरून आले, तसे त्याने ते दंडाला पुसले. मग नळी दाबली. आयुष्यात कधी इतक्या मनापासून काही केलं नसेल, अशा मनापासून दाबली. पांढरं ग्रीस रिंगवर आलं, बोटांवर आलं, मनगटाकडे ओघळलं. तो लावत राहिला.

बाबा त्याच्याशेजारी सरकून बसले. त्याचा अंगठा आपल्या चिमटीत धरला.

“फार लावलंयस, गाढवा. पूस.”