राजवाड्यात राहतं कोण?

बयजा तांबटीण आपली तीन मुलं घेऊन मेघपट्टणच्या कचेरीत उभी होती, आणि ही मुलं मेघपट्टणची नाहीतच, हे दिवाण गुंडोपंत तिला पुन्हा एकदा समजावून सांगत होते. समजावण्यात त्यांचा हातखंडा होता. समजून घेणं तेवढं त्यांना जमत नसे.

चूक बयजाचीच. तिन्ही बाळंतपणांना ती नदीपलीकडे माहेरी गेली होती. तिथे दुसऱ्या राजाचं राज्य, म्हणजे मुलं परदेशी. आता राजा शार्दूलसेनांनी नवा नियम काढला होता. बाहेर जन्मलेल्या प्रत्येक मुलाची नगरीत नोंद व्हायला हवी, आणि त्यासाठी गेली तीन वर्षं आई, बाप आणि मूल एकाच घरात, इथेच राहत होते याचा पुरावा हवा. नोंद झाली नाही तर पौर्णिमेला मूल वेशीबाहेर! विलायतेतसुद्धा मुलांना तिथले नागरिक करून घेताना कुटुंब कुठे राहत होतं ते विचारतात, असं कुण्या व्यापाऱ्याने महाराजांच्या कानावर घातलं होतं. विलायतेत चालतं म्हटल्यावर मेघपट्टणला मागे राहून कसं चालेल?

"आम्ही राजवाड्याच्या भिंतीला लागूनच राहतो, दिवाणजी," बयजा म्हणाली. "शेजाऱ्यांना विचारा."

"शेजारी म्हणजे स्नेही. स्नेह्याची साक्ष चालत नाही."

"तुम्ही कधी शेजारात राहिलेले दिसत नाही. बरं, माझ्या जावेला विचारा."

"नातेवाईक!"

"मग गिऱ्हाइकांना?"

"तुझ्या भांड्यांत जेवणारी माणसं. मिंधी असणार."

"मग साक्ष द्यायची तरी कुणी?"

"जो तुझा नातेवाईक नाही, स्नेही नाही, मिंधा नाही, आणि तरीही तुमचं राहणं रोजच्या रोज जाणतो, असा कुणीही चालेल," दिवाणजी उदारपणे म्हणाले.

धाकटीने पदर ओढला. "आई, मग आपण कुठे राहतो?"

बयजाने धाकटीला कडेवर घेतलं. भट्टी इथे, नवरा इथे, पोटापाण्याचं सगळं इथे. पोरं माहेरी धाडून भावजयीच्या तोंडाकडे बघायला लावायची? ती तशीच तडक दरबारात गेली.

महाराजांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि छाती फुगवली. "नियम म्हणजे नियम, बाई. तो माझ्यासाठीसुद्धा वाकत नाही."

दरबाराने माना डोलावल्या. त्यांना तेवढंच काम नेमून दिलेलं होतं.

"मग माझी तक्रार नाही, महाराज," बयजा म्हणाली. "पौर्णिमेला युवराजही वेशीबाहेर जातील, तेव्हा माझ्या पोरांना सोबत होईल."

"युवराज? ते कशाला?"

"राणीसाहेबांचं बाळंतपण त्यांच्या माहेरी झालं ना? बातमी आली तेव्हा इथे हत्तीवरून साखर वाटली. मीही ओंजळभर घेतली. परदेशी मुलाची साखर आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!"

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या. महाराजांचा चेहरा लाल झाला.

"युवराज इथेच राहतात, माझ्यापाशी! विचार या दरबाराला."

बयजा वळली. "दिवाणजी, तुमची साक्ष चालेल?"

"छे! मी महाराजांचं मीठ खातो, म्हणजे मिंधा," गुंडोपंत सवयीने बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"अख्ख्या नगरीला विचार!" महाराज म्हणाले.

"अख्खी नगरी महाराजांची लेकरं. म्हणजे नातेवाईक," बयजाने लगेच सांगितलं.

"मग मी राहतो तरी कुठे?"

"काळजी करू नका, मी आहे ना," बयजा म्हणाली. "आम्ही इथे राहतच नाही असं दिवाणजींनी ठरवलंय, तेव्हा मी काही तुमचं लेकरू नाही. मिंधी नाही, आणि स्नेही तर नाहीच नाही. माझी साक्ष ऐका. गेली तीन वर्षं रोज दुपारी महाराज सज्ज्यात येऊन ओरडतात. मग राणीसाहेब म्हणतात, 'हळू, बाळ उठेल.' मग युवराज उठतात आणि भोकाड पसरतात. आई, बाप, मूल, एकाच घरात. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं, कधी खाडा नाही."

"ओरडू नको तर काय करू?" महाराज ताडकन सिंहासनावरून उठले. "तीन वर्षं! डोळा लागतो न लागतो तोच तुझी आणि तुझ्या नवऱ्याची ठोकठोक सुरू! ती थांबली की तुझी तिन्ही कार्टी पातेली बडवतात! एक दुपार मला सुखाने झोपू दिलं नाहीत तुम्ही!"

बयजाने शांतपणे पदर सावरला.

"दिवाणजी, लिहून घेताय ना? आई, बाप आणि तिन्ही मुलं, तीन वर्षं, इथेच. साक्षीदार आमचा नातेवाईक नाही, मिंधा नाही. स्नेही आहे का, ते त्यांच्या तोंडाकडे बघून तुम्हीच ठरवा."

आधी पडद्याआडून राणीसाहेबांचं हसू फुटलं, मग महाराजांनाही आवरेना. पोट धरून हसता हसता त्यांनी चारही मुलांची नोंद करायला सांगितली, युवराजांची अर्थातच बयजाच्या साक्षीवर.

"मुदपाकखान्याची सगळी भांडी आजपासून तुमच्याकडे," ते डोळे पुसत म्हणाले. "फक्त दुपारची ती ठोकठोक बंद करा."

"ते कसं जमेल, महाराज? उद्या पुन्हा पुरावा मागितलात, तर आमची साक्ष द्यायला कोण येईल?"

महाराज पुन्हा हसत सुटले. भांड्यांचं काम तर तिला मिळालंच, आणि महाराजांनी आपला पलंग त्याच दिवशी वाड्याच्या पार दुसऱ्या टोकाला हलवला.