निम्म्या भावाची खोली

बैलांच्या बाजारासाठी नावाजलेल्या एका गावात हैबती नावाचा दलाल राहत असे. दलालीवर त्याचे पोट होते आणि दलालीचाच त्याला ताठा होता.

त्या बाजारात सौदा तोंडाने होत नसे. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटे दाबून भाव सांगायचा, अशी तिथली रीत. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळायचा नाही. हैबती बोटे तर ओळखेच, पण समोरच्याचा हातही ओळखे. हात घामेजला की तो समजे, याला पैशाची नड आहे. हात थरथरला की समजे, अजून भाव पडणार. कोणी "नाही" म्हटले की तो हसे. त्याच्या मते "नाही" म्हणजे सौद्याला सुरुवात. मग तो उपरणे झटके, पाठ फिरवे आणि चालू लागे. मागून हाक येई. आजवर ती आली नाही असे झाले नव्हते.

त्याच्या बायकोचे नाव गजराबाई. तिचा एक डोळा लहानपणी गोवराने गेला होता. दुसऱ्याचे बुबुळ आता पांढरे पडत चालले होते. चुलीतला जाळ तिला दिसे, पण तव्यावरची भाकरी दिसत नसे. माणूस बोलला की ओळखायचे, न बोलला तर तो खांब समजायचा, अशी तिची गत झाली होती. मुंबईत परळच्या एका इस्पितळात तिचे नाव लावून ठेवले होते. कोणी मेल्यावर डोळे दान केले आणि तिचा नंबर आला, तर नवे बुबुळ बसणार होते.

एके दिवशी दुपारी इस्पितळातून फोन आला. सून वैजयंता हिने तो घेतला. तिचा नवरा ट्रक घेऊन गुजरातेत गेला होता, त्यामुळे घरातले फोन आणि बँक तीच बघे. फोनवरच्या बाईने स्वच्छ सांगितले. बुबुळ मिळाले आहे. परवा सकाळी सात वाजता उपाशीपोटी हजर राहा. आणखी एका रुग्णाला बोलावून ठेवले आहे. तुम्हाला उशीर झाला तर बुबुळ त्याला बसेल. म्हणून आदल्या रात्री जवळपासच मुक्काम करा.

गजराबाईने देव्हाऱ्याच्या दिशेने हात जोडले. दिशा थोडी चुकली, पण ते कोणी बोलून दाखवले नाही.

इस्पितळाची धर्मशाळा भरलेली होती. वैजयंताने इकडेतिकडे फोन लावले. इस्पितळासमोरच्या लॉजमध्ये एक खोली शिल्लक होती. मालक म्हणाला, संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो. वैजयंताने सासऱ्याला भाव सांगितला.

हैबती म्हणाला, "एवढा? रातभर पाठ टेकायची हाय, का खोली उचलून घरी आणायची हाय?"

"मामंजी, मुंबई हाय ती. रस्ता ओलांडला की इस्पितळाचं दार. मी सांगून टाकते त्यास्नी."

"थांब. सांगितलेल्या भावात घेतो त्याला येडा म्हणत्यात आमच्याकडं."

मागच्या बाजारात एका व्यापाऱ्याने त्याला सांगितले होते की, शहरातली मोठी हॉटेले रिकाम्या खोल्या मोबाईलवर बोलीने विकतात. भाव गिऱ्हाइकाने सांगायचा. जमला तर खोली त्याची. ते ऐकल्यापासून हैबतीच्या हाताला खाज सुटली होती. त्याने वैजयंताला ते ॲप उघडायला लावले.

तिने नियम वाचून दाखवले. शहराचा कुठला भाग हवा ते सांगायचे. किती ताऱ्यांचे हॉटेल हवे ते सांगायचे. मग आपला भाव टाकायचा. हॉटेलचे नाव आधी कळणार नाही. बोली लागली की पैसे तिथल्या तिथे कापले जातील, नाव त्यानंतर दिसेल. पैसे परत मिळणार नाहीत. बोली नाकारली तर त्याच भागासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा बोली लावता येणार नाही.

गजराबाई दारातून म्हणाली, "नाव न्हाई, गाव न्हाई, आन घ्यायचं? बैल घेताना त्याच्या तोंडात हात घालून दात बघता की!"

"बैलाचा मालक लबाड असतो. हितं चार तारं लिहून देत्यात."

"लिवणारा कुठं देवमाणूस हाय?"

हैबतीने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने भाग सांगितला परळ, तारे सांगितले चार आणि भाव सांगितला लॉजच्या भावाच्या निम्मा. वैजयंताने आकडा टाकला. पडद्यावर एक चक्र फिरले. मग तांबड्या अक्षरांत उत्तर आले: बोली नाकारली.

हैबती खूष झाला. "न्हाई म्हनला? म्हंजे त्याला इकायची हाय. आता बघ, हाक मारील."

त्याने मोबाईल उंबऱ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसला. तंबाखू मळली. ती खाऊन झाली. हाक आली नाही. त्याने दुसरी चिमूट मळली. ऊन ओट्यावरून खाली उतरले. आजवर त्याने नाही म्हणणारी माणसे पाहिली होती. नाही म्हणणारी काच त्याने पाहिली नव्हती. तिला घाम येत नव्हता. तिचा हात थरथरत नव्हता. तिला नड आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, ते त्याला उमजेना. पण तसे बोलणार कोण? वैजयंता दोनदा आत-बाहेर करून गेली. गजराबाई कान देऊन बसली होती.

तेवढ्यात मोबाईल वाजला. हैबतीने तो झडप घालून घेतला. पलीकडे लॉजचा मालक होता.

"खोलीचं काय ठरलं? दुसरं गिऱ्हाईक समोर उभं आहे."

हैबती म्हणाला, "निम्म्यानं देतोस का बोल."

"आजोबा, माझा भाव पाटीवर लिहिलेला आहे. तो सगळ्यांना एकच. पेशंटचं नाव सांगा, खोली तुमची."

वैजयंताने हातानेच खूण केली, हो म्हणा. गजराबाईची मान वर झाली. एका शब्दाचे काम होते. पण तो शब्द हैबतीने उभ्या जन्मात पहिल्या हाकेला कधी दिला नव्हता.

"मग ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तो पुन्हा वाजेल म्हणून हैबती वाट पाहत राहिला. वाजला नाही. शेवटी वैजयंतानेच लावला, तेव्हा मालक म्हणाला, "गेली हो खोली. मी तरी किती थांबू?"

हैबतीने उपरणे झटकले. तो म्हणाला, "गेली तर गेली. काय मुंबईत एकच खोली हाय व्हय? त्या मोबाइलात बघ काय वाट निघती का."

वैजयंताने बघितले. एक वाट होती. शेजारचा आणखी एखादा भाग जोडला तर आजच पुन्हा बोली लावता येत होती. मात्र मग दोहोंपैकी कुठल्याही भागातले हॉटेल पदरात पडू शकले असते. तिने हे नीट समजावून सांगितले. परळच्या वर नकाशावर एक मोठा हिरवा पट्टा होता. त्यावर लिहिले होते, मुंबई उत्तर.

"ती बी मुंबईच ना?"

"मुंबईच. पण पट्टा लई लांब हाय, मामंजी. कुठल्या टोकाला टाकतील सांगता येत न्हाई."

"मुंबई ती मुंबई. जोड."

तिने पट्टा जोडला. भाव तोच, निम्मा. चक्र फिरू लागले. या वेळी ते बराच वेळ फिरले. मग हिरवी अक्षरे आली. बोली लागली.

हैबतीने मांडीवर थाप मारली. "बघितलंस? चार ताऱ्याची खोली, लॉजच्या निम्म्या भावात! आन तुम्ही दोघी मला शिकवत हुता!"

वैजयंता हसली नाही. हॉटेलचे नाव आणि पत्ता आता दिसत होता. ती नकाशा बोटाने सरकवत होती, सरकवत होती, आणि तरी इस्पितळ येत नव्हते.

"हे पार शेवटाला हाय, मामंजी. खाडीच्या काठाला. तिथनं परळ म्हंजे आपल्या गावापास्नं तालुक्याच्याही पुढं. वर मुंबईची गर्दी."

"परत कर."

"परत होत न्हाई. वाचून दाखवलं हुतं." मग ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामंजी, त्या पैशावर पाणी सोडा. मी परळमधी दुसरी खोली बघते. मिळंल तेवढ्याला घेऊ. आत्याबाईंच्या डोळ्याचं काम हाय."

या घडीलाही सगळे सावरण्यासारखे होते. हैबतीला ते कळत नव्हते असे नाही. पण उद्या बाजारात लोक म्हणतील, हैबतीने सौदा जिंकला आणि टाकून दिला. हे त्याला सोसवले नाही.

"जितलेला सौदा सोडत नसत्यात," तो म्हणाला. "सकाळी तासभर आधी निघू. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी वैजयंता लेकरांसाठी आणि गुरांसाठी मागे राहिली. नवराबायको एसटीने निघाली आणि दिवस मावळताना त्या हॉटेलात पोचली. चकचकीत फरशी होती, दाराशी सलाम करणारा माणूस होता. हैबतीचे कशात लक्ष लागले नाही. सामान ठेवण्याआधीच त्याने विचारले, परळ किती लांब? दारावरचा माणूस म्हणाला, "ते रस्त्यात गाड्या किती त्यावर आहे, काका." हैबतीने पहाटेची टॅक्सी सांगून ठेवली. मग गजराबाईच्या डोळ्यात औषध घातले आणि तिला निजवले. स्वतःला त्याला झोप आली नाही.

सकाळी टॅक्सी वेळेवर आली. वाट अर्धी सरली आणि गाडी थांबली. पुढे एक कंटेनर रस्त्यात आडवा झाला होता. जिकडे पाहावे तिकडे गाड्यांच्या पाठी.

गजराबाईने विचारले, "किती वाजलं वो?"

"हाय अजून येळ."

गाडी हातभर सरके आणि पुन्हा थांबे. हैबतीने खिडकीतून मान बाहेर काढली, आत घेतली, पुन्हा बाहेर काढली.

"किती वाजलं?"

"सांगितलं न्हवं? येळ हाय म्हनून."

तिने खिडकीकडे कान केला. मग म्हणाली, "शेजारच्या गाडीत शाळंची पोरं कालवा करायल्यात. दप्तरं घेऊन निघाली पोरं. सात वाजून गेलं असत्याल."

एवढ्यात इस्पितळातून त्याच्या फोनवर फोन आला. "कुठे आहात? डॉक्टर थांबलेत."

"आलोच," हैबती म्हणाला. गाडी जागच्या जागी उभी होती.

तो ड्रायव्हरला म्हणाला, "बाबा, काय पायजे ते घे. दुप्पट घे, तिप्पट घे. पर पोचीव." समोरच्याने न मागता भाव चढवण्याची त्याची ही जन्मातली पहिलीच वेळ.

ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, पैसे घेऊन मी काय उडू? पुढचा हलला तर मी हलणार."

पुढचा हलला, पण फार उशिरा. इस्पितळाच्या पायऱ्या हैबती बायकोला जवळजवळ ओढतच चढला. दाराशी बसलेल्या सिस्टरने नाव ऐकले आणि ती उठून उभी राहिली.

"आजोबा, आम्ही शक्य तेवढं थांबलो. दुसऱ्या बाई पहाटेपासून इथं बाकावर बसून होत्या. त्यांना आत नेलं."

"बाई, हात जोडतो. पाय धरतो. तेवढं भायेर आना त्यास्नी."

"शस्त्रक्रिया सुरू झाली आजोबा."

"मग दुसरं कवा मिळंल?"

"कोणी दान करील तेव्हा. नाव आहे यादीत. फोन करू."

हैबती बाकावर बसला. गजराबाई त्याच्या शेजारी बसली. ती त्याला शिव्या देईल, ऊर बडवील, असे त्याला वाटले. तसे झाले असते तर त्याला बरे वाटले असते. तिने फक्त विचारले, "त्या बाईला लेकरं हायती का?"

"मला काय ठावं?"

"असली तर दिसतील तिला," ती म्हणाली आणि पदराने डोळा पुसला. डोळ्यातले औषध होते की काय होते, ते हैबतीने विचारले नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर घाट होता. उन्हात सगळा डोंगर उजळला होता. तिला त्यातले काही दिसत नव्हते. बराच वेळ गेल्यावर ती हैबतीकडे वळून म्हणाली, "अवो, ती खोली कशी हुती? तुम्ही काय बोलला न्हाई. मला तर नुसता गारवा लागला. सांगा की, कशी हुती?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

हैबतीने तोंड उघडले. भिंती आठवल्या, पडदे आठवले, पांढऱ्या चादरी आठवल्या. त्यातले काहीच त्याच्याने सांगवले नाही.

"मोठी हुती," तो म्हणाला. आणि गाव येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

तात्पर्य: घरच्या माणसाची वेळ अडली असताना भाव पाडत बसू नये. त्यात वाचतो तो पैसा आपला असतो. जाते ते मात्र दुसऱ्याचे असते.