राजाचा पाट

एका राज्यात पद्मकेतू नावाचा राजा होता आणि त्याला बसता येत नव्हते.

त्या राज्यात झाड तोडण्याआधी बुंध्याला हळदकुंकू वाहून त्यावरच्या पाखरांचा निरोप घेत. राजाला सिंहासनाची घाई. त्याने न विचारताच जुना साग पाडला. त्याच्या ढोलीत सुतारपक्षी राहत होता, आणि तो साधासुधा पक्षी नव्हता. तो म्हणाला, "राजा, तू माझे घर मोडलेस. यापुढे कोणतेही आसन तुला झेलणार नाही. ज्या हाताने आजवर काही घडवले नाही, त्या हाताने याच सागाचे आसन घडवले, तरच तू बसशील."

राजा टेकला की मंचक मोडे, जमिनीवर बसू गेला तर जमीन खचे. तो खांबाला धरून उभ्याउभ्या झोपे. पाय सुजले, वैद्यांनी हात टेकले.

राजकन्या केतकीने कधी करवत धरली नव्हती. पाडलेल्या सागाचे तीन ओंडके उरले होते. ती कामाला बसली.

"काय करणार?" पक्ष्याने विचारले.

"सिंहासन. हाताशी दोन सिंह."

पहिल्याच सिंहाच्या आयाळीत पटाशी घसरली आणि ओंडका उभा चिरला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"आता?"

"चौरंग. चारच तर पाय."

एक पाय लांब झाला, म्हणून तिने तो कापला. मग दुसरा लांब वाटला. असे कापता कापता पायच संपले. आता एकच ओंडका राहिला, आणि आत बाप उभा कण्हत होता. केतकी रडली. माझ्या हट्टापायी बाबा जातील, एवढेच तिच्या मनात येत होते.

मग डोळे पुसून ती सागाच्या खुंटापाशी गेली. हळदकुंकू वाहिले, हात जोडले. "वडिलांनी विचारले नाही, मीही विचारले नाही. आता विचारते. लाकूड घेऊ?"

"घे," पक्षी म्हणाला. "काय करणार?"

"पाट. बाबांना बसायचे आहे, मिरवायचे नाही."

एक फळी, खाली दोन पट्ट्या. कापताना ती घाई करत नव्हती. तळहाताला फोड आले, तरी रंधा चालत राहिला. पाट झाला.

दरबारात तो मांडला. पद्मकेतू खांब सोडून हळूहळू वाकला आणि बसला. पाट मोडला नाही. राजाने डोळे मिटले आणि लहान मुलासारखा हुंदका दिला. राजापेक्षा उंच बसायचे कसे, म्हणून प्रधान, सेनापती सारे आसने सोडून फरशीवर आले.

"केतकी, पाट डुगडुगतो," राजा म्हणाला.

"एक पट्टी जाड झाली, बाबा. आत्ता तासून देते."

"नको. डुगडुगला की आठवेल, मी कुणाच्या घरावर बसलो आहे."

राजाने स्वतःच्या हाताने सागाची रोपे लावली. झाडे मोठी झाली, पक्षी परत ढोलीत राहू लागला. त्या राज्यात आजही राज्याभिषेक त्याच पाटावर होतो, आणि त्याची ती पट्टी अजून कुणी तासलेली नाही.