कुंपणाबाहेरची हजेरी

एका जंगलाच्या टोकाला जांभळीखाली एक छोटीशी शाळा भरत असे. शिकवायला एक बगळा होता. पंख पांढरेशुभ्र आणि हजेरीपत्रक त्याहून स्वच्छ! पोरे मात्र मोजून नऊ. बालमित्रांनो, त्या जंगलाचा नियमच होता, की पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद. मग जायचे नदीपलीकडच्या शाळेत, आणि सशाच्या पिल्लांना तर पोहताही येत नव्हते. बिचारा बगळा आठ दिवस दहाव्या विद्यार्थ्यासाठी रानभर हिंडला, पण रिकाम्या हाताने परतला.

एक दिवस तपासणीला हत्तीसाहेब आले. बगळ्याने हजेरी घेतली. नऊ नावे झाली, नऊ वेळा "हजर" झाले. त्याने घाईघाईने पत्रक मिटले, तोच कुंपणाबाहेरून बारीक आवाज आला, "हजर, गुरुजी!"

बाहेर साळिंदराचे पिल्लू बसले होते. वर्षभर ते तिथेच बसून पाढे म्हणत होते, आणि रोज हजेरी संपली की "हजर" म्हणत होते. बगळ्याला ते रोज ऐकू येई आणि तो रोज न ऐकल्यासारखे करी. पहिल्याच दिवशी हरणी कुरकुरली होती, "आमच्या लेकरांना काटे टोचतील हो, गुरुजी!" तेव्हा बगळा पिल्लाला म्हणाला होता, "तू सध्या बाहेर बस, पुढचं पुढे बघू." ते पुढचे त्याने कधी बघितलेच नाही.

"अहो, हा काय तुमचा दहावा!" हत्ती खूश होऊन म्हणाला. "लिहा की नाव!"

पिल्लू फटीतून डोकावले. "मी आत आलो तर शाळा राहील, गुरुजी? मी अगदी कडेला बसेन. कोणाला टोचणार नाही."

बगळ्याने लेखणी उचलली आणि तो थांबला. वर्ष सरत आले होते, पण या पिल्लाला त्याने कधी नावच विचारले नव्हते. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेवटी सगळ्या वर्गासमोर त्याला विचारावे लागले, "बाळ, तुझं नाव काय?"

"आई मला मऊ म्हणते," पिल्लू म्हणाले.

बगळ्याने स्वतः उठून फाटक उघडले. शाळा वाचली, हत्तीने सोंडेने पाठही थोपटली. पण त्या दिवशी बगळ्याला मान वर करता आली नाही.

तात्पर्य : ज्याला आपण बाहेर बसवतो, एक दिवस त्याच्यावाचूनच आपले अडते; आणि तेव्हा त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसावे, याहून मोठी लाज नाही.